सात इंचांची वाट

मास्तरांनी कात्री हातात घेतली की दुकानात कुणी तोंड उघडायचं नाही, हा नियम छत्तीस वर्षांचा होता. कुणीतरी मधेच "किती वाजले?" विचारलं आणि एका नवरदेवाच्या कोटाची बाही तीन इंच आखूड झाली, तेव्हापासूनचा. कुणी बोलायला लागलंच तर मास्तर वर न बघता डाव्या हाताचा पंजा उचलत. पंजा दिसला की कारागीर गप्प, गिऱ्हाईक गप्प, आणि सगळ्यांच्या आधी काकू गप्प. काकू म्हणजे मास्तरांची बायको. दुकानातली काजं-बटणं तिच्याकडे. हळूहळू हा नियम घरीही आला, कारण नवऱ्याला काही दुकानात ठेवून कुलूप लावता येत नाही.

मास्तरांची साठी झाली म्हणून लेकीने दोघांना चार दिवसांसाठी परदेशातल्या एका बेटावर धाडलं. मास्तरांनी पिशवीत औषधांच्या आधी टेप, दोरा आणि खडू टाकला.

"तिकडे कुणाचं माप घेणार आहात?" काकूने विचारलं.

"असू दे. तुला जड होतंय का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, ते उतरले होते त्या घराच्या मालकिणीने नाश्त्याच्या टेबलावर नकाशा पसरला. तिची भाषा यांना कळत नव्हती आणि यांची तिला, पण बोटांनी बरंच काम भागत होतं. पायी फिरायला तीन वाटा होत्या. लाल रेघ डोंगरावर चढायची, हिरवी जंगलातून धबधब्याकडे जायची, निळी कड्याच्या पायथ्याने किनाऱ्या-किनाऱ्याने. नकाशा दिसल्यावर मास्तर खुलले. पसरलेलं कापडच ते! प्रत्येक वळणावर दोरा बसवत त्यांनी तिन्ही रेघा मोजल्या. लाल चौदा इंच, हिरवी अकरा, निळी सात.

काकूचा डावा गुडघा दोन वर्षं कुरकुरत होता. मास्तर तोंडाने कधी प्रेमाचं बोलले नसतील, पण त्या गुडघ्याचा हिशेब त्यांच्या डोक्यात कायम असायचा.

"तुझ्यासाठी निळी," ते म्हणाले. निळी रेघ मधे थोडी तुटक होती. ते हसले. "हे बघ, इथं नुसता धावदोरा घातलाय. पक्की शिलाई राहिलीय. वाट जरा कच्ची असेल, एवढंच."

तेवढ्यात मालकीण काकूला काहीतरी सांगू लागली. तिने भिंतीवरच्या घड्याळावर टकटक केली आणि त्या तुटक रेघेवर बोट ठेवलं. काकू पुढे झाली.

"अहो, ऐका ना, ही काय म्हणते..."

मास्तर दोरा टेपवर ताणत होते. डावा पंजा वर गेला. काकू गप्प बसली.

सात इंचांसाठी घाई कसली, म्हणून दोघं साडेअकरा वाजता निघाले. झाडीतून वाट उतरली, मग लाकडी पायऱ्या आल्या, आणि खाली घट्ट ओली वाळू. डाव्या हाताला उभा कडा, उजव्या हाताला समुद्र. पुढे खडकाचं एक टोक पाण्यात घुसलेलं होतं. त्याच्या पलीकडे वर जायच्या दुसऱ्या पायऱ्या होत्या, नकाशाप्रमाणे. मास्तर शीळ घालत चालत होते.

वाळू अरुंद होतेय हे आधी काकूच्या लक्षात आलं. तिची चप्पल भिजली. तिने मागे पाहिलं तर दोघांची पावलं पुसली गेली होती आणि उतरलेल्या पायऱ्यांवर पाणी आपटत होतं. पुढे खडकाच्या टोकापाशीही फेस उसळत होता.

"अहो," ती म्हणाली, "आपण मधे सापडलो."

मास्तरांनी खिशातल्या खडूने कड्यावर पाण्याच्या वर चार बोटं रेघ मारली आणि मोजायला सुरुवात केली. दोनशे होण्याआधीच रेघ बुडाली. पायाखालची वाळू सरकली असं मास्तर आयुष्यात बऱ्याचदा म्हणाले होते. आज ती खरोखरच सरकत होती, टाचांखालून, घोट्याएवढ्या पाण्यासकट. दोघांनाही पोहता येत नव्हतं.

आणि तेव्हा त्यांना तो धावदोरा आठवला. कच्चा दोरा घालतात कशाला? काम झालं की उसवायला. छत्तीस वर्षं ते स्वतःच्या हाताने तो उसवत आले होते. ही वाट अर्धा दिवस असते आणि अर्धा दिवस समुद्र ती उसवून टाकतो, एवढं नकाशाने चांगलं शिंप्याच्याच भाषेत सांगितलं होतं. तरी शिंप्याला ते वाचता आलं नाही.

कड्यात छातीइतक्या उंचीवर एक कट्टा होता, दोन माणसं दाटीवाटीने उभी राहतील एवढा. मास्तरांनी हातांची ओंजळ करून काकूला वर चढवलं. गुडघ्यात कळ आली तरी ती वर पोचली. मग तिने त्यांना कॉलरला धरून वर ओढलं.

वर आल्यावर मास्तरांना खडकावरचा शिंपल्यांचा खरखरीत पट्टा दिसला. जिथवर पाणी येतं तिथवर शिंपले असतात, हे सांगायला कुणी लागत नाही. पट्टा कट्ट्यापाशी संपत नव्हता. त्यांनी टेप लावला. आकडा त्यांनी तीनदा वाचला.

"किती?" काकूने विचारलं.

"नऊ इंच. आपल्या पायांच्या वर नऊ इंच."

शिवाय त्यावर येणाऱ्या लाटा वेगळ्याच.

"तुला ठाऊक होतं?" मास्तरांनी एकदम विचारलं. "ती बाई काय सांगत होती?"

"घड्याळात अकरा दाखवले. मग त्या तुटक रेघेवर बोट ठेवून नको नको केलं. मी सांगायला आले, तर तुम्ही पंजा वर केलात."

"मग नंतर का नाही बोललीस?"

"मला वाटलं, तुम्ही मोजलंय म्हणजे बघितलंच असेल. आणि कात्री लागल्यावर बोलून काय उपयोग, हे तुमचंच ना?"

मास्तरांना समुद्रापेक्षाही या उत्तराची भीती वाटली. ही बाई बुडाली असती, आणि तीही आज्ञाधारकपणे.

पाणी कट्ट्याच्या कडेला लागलं. मास्तरांचा धीर सुटला. खाली छातीएवढंच पाणी आहे, टोकापर्यंत शंभर पावलं, आत्ताच निघू, नाहीतर इथेच मरू, असं ते भराभर बोलू लागले. त्यांनी एक पाय खाली सोडलासुद्धा. काकूने दंड धरला, तसा सवयीने त्यांचा पंजा वर गेला.

काकूने तो पंजा धरून खाली दाबला.

"आज मी बोलणार," ती म्हणाली. तिची जीभ भीतीने अडखळत होती, पण ती थांबली नाही. "लाट त्या टोकावर कशी फुटते ते बघा. तिथं गेलो तर लेकीला आपलं नखही सापडायचं नाही. नऊ इंच म्हणालात ना? नऊ इंच पाण्यात आपण उभे राहू. मला बांधा इथं."

कड्यातून एका झाडाचं जाड मूळ बाहेर आलं होतं. मास्तरांनी टेप मुळाभोवती घेतला, तिच्या मनगटाला गाठ मारली आणि उरलेलं टोक स्वतःच्या मुठीला गुंडाळलं. पाठ कड्याला लावून दोघं उभे राहिले.

पाणी घोट्यावर आलं. मग पोटऱ्यांपर्यंत. लाट आली की कमरेपर्यंत चढायची आणि परतताना पाय खेचायची. एका लाटेने मास्तरांचे पाय उचलले. टेप करकचून ताणला गेला, मूळ कुरकुरलं, आणि काकूने दुसऱ्या हाताने त्यांची कॉलर धरली. मास्तर लहान मुलासारखे ओरडले. त्याची त्यांना अजिबात लाज वाटली नाही.

"आता थांबलंय का गं?" ते दर लाटेला विचारत होते.

"नाही अजून," काकू सांगत होती. कितीतरी वेळाने ती म्हणाली, "थांबलं. पोटरीवरून खाली चाललंय."

उन्हं कलली तेव्हा वाळू पुन्हा वर आली. पायऱ्यांवर मालकीण उभी होती, सोबत दोराचं भेंडोळं घेतलेला शेजारी. दोघांना बघून ती मटकन खाली बसली आणि तिच्या भाषेत बराच वेळ ओरडली. त्यातला शब्द न् शब्द मास्तरांना कळला.

दुकान उघडलं त्या दिवशी मास्तरांनी कोटाचं कापड पसरलं. टेप तोच होता. त्यांनी खडूने रेघा मारल्या, कात्री उचलली, आणि दुकान सवयीने चिडीचूप झालं. पहिला काप गेला.

"अहो, थांबा," काकू म्हणाली.

कारागिरांनी श्वास रोखले. मास्तरांचा डावा हात टेबलावरून उठला, अर्ध्यात थांबला आणि हळूच खाली आला.

"बोल."

"सकाळपासून माझ्या काजांची मापं फूटपट्टीशी जुळत नाहीत. तुमचा टेप ताणलाय. फुटामागे पाव इंच खोटं बोलतोय."

मास्तरांनी टेप फूटपट्टीला लावून पाहिला. मग त्यांनी तो नीट गुंडाळून खिळ्याला अडकवला, खडूच्या रेघा पुसल्या आणि काकूची फूटपट्टी मागून घेतली.