बधीर ओठ

मालतीबाईंनी सकाळच्या चहाचा घोट घेतला आणि तो हनुवटीवरून ओघळून पदरावर सांडला. त्यांना पत्ताच नव्हता.

"अगं, सांडतंय," समोर बसलेले त्यांचे यजमान हरीभाऊ म्हणाले, तेव्हा मालतीबाईंनी हात लावून पाहिला. बोटाला हनुवटी लागत होती, पण हनुवटीला बोट लागत नव्हतं.

आदल्या दुपारी त्यांच्या सुनेनं, निवेदितानं, चौक गावातल्या आपल्या नव्या दवाखान्यात त्यांच्या खालच्या जबड्यात इम्प्लांट बसवलं होतं. सगळं तिनं आधीच समजावलं होतं. पडलेल्या दाढेच्या जागी हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा, हाडानं तो घट्ट धरेपर्यंत तीन-चार महिने थांबायचं, मग वर दात. ड्रिलची घरघर कानशिलात जाणवेल, दुखणार नाही. रात्री सूज येईल, ठणकेल. सगळं तसंच झालं. फक्त संध्याकाळपर्यंत उतरेल असं सांगितलेली भूल उतरली नव्हती.

रात्री निवेदितानं विचारलं, तेव्हा मालतीबाई म्हणाल्या होत्या, "उतरली गं, अगदी ठीक आहे." एकटीच्या हातानं, स्वतःच्या दवाखान्यात तिनं केलेलं ते पहिलंच इम्प्लांट. मालतीबाईंनीच हट्ट धरला होता, "पहिलं माझं कर. दातांसाठी पनवेलला पळणाऱ्यांना मी माझी दाढ दाखवीन." आता तिला काय सांगायचं?

"तिला सांग," हरीभाऊ म्हणाले.

"उतरेल हो दुपारपर्यंत. तुम्ही मध्ये पडू नका."

त्या आरशासमोर गेल्या. ओठ चिमटीत धरून पिळला. काही नाही. दातांखाली दाबून पाहिला, तर जिभेवर खारट चव आली. आरशात ओठावर रक्ताचा थेंब होता आणि दुखत मात्र कुठेच नव्हतं. खाली स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला, तशा त्या गॅलरीत धावल्या.

"निवेदिता, थांब!"

निवेदिता वर आली. तिनं कापसाचा बोळा ओठावरून फिरवला, मग सुईचं टोक हलकेच टेकवलं. "कळतंय?"

"नाही."

"आई, मी रात्री विचारलं होतं."

"खोटं बोलले."

निवेदिता रागावली नाही. तिनं स्कूटरची किल्ली पुन्हा हातात घेतली. "चला. आत्ताच."

दहिवलीच्या घरून दोघी स्कूटरवर चौकला आल्या. दवाखान्यात एक्स-रे काढून निवेदितानं तो पडद्यावर मोठा करून पाहिला.

"स्क्रू ओठाला जाणीव देणाऱ्या नसेच्या फार जवळ गेलाय. टेकलाय, की सूज नस दाबतेय, यावरून नक्की सांगता येत नाही. पण टेकला असेल आणि आपण वाट बघत बसलो, तर ओठ कायमचा असाच राहील."

ज्यांच्या हाताखाली ती शिकली, त्या पनवेलच्या सरांना तिनं फोन लावून एक्स-रे पाठवला. सरांनी दोनच वाक्यं सांगितली : लगेच काढ, आणि काढेपर्यंत मी फोनवर आहे.

फोन स्पीकरवर ठेवून तिनं पुन्हा भुलीची सुई दिली, टाके सोडले आणि स्क्रू उलटा फिरवायला घेतला. मालतीबाईंना तिचे मास्कच्या वरचे डोळे तेवढे दिसत होते. कपाळावरचा घाम भुवईपर्यंत आला होता. तिच्या हाताकडे बघायचं धाडस त्यांना होईना, म्हणून त्या डोळ्यांकडेच बघत राहिल्या. मग ट्रेमध्ये टण्णकन आवाज झाला.

"निघाला, सर."

तरी ओठ जागा झाला नाही. त्या रात्रीही नाही, पुढचे कित्येक दिवसही नाही. निवेदिता औषधं देई, रोज सुईचं टोक टेकवून बघे. इम्प्लांटसाठी आलेल्या दोघांना तिनं सरळ पनवेलला पाठवलं. मालतीबाई जेवताना रुमाल हनुवटीशी धरून बसत.

एका सकाळी बिरड्याचे मोड आलेले वाल सोलता सोलता ओठाच्या कडेला मुंग्या आल्यासारखं झालं. त्यांनी हातातले वाल तसेच टाकले आणि निवेदिताला हाक मारली. त्यानंतर जाणीव हळूहळू परतत गेली. हनुवटीवरचा रुपयाएवढा ठिपका तेवढा अजून बधीर होता. तो तसाच राहील कदाचित, असं निवेदितानं न लपवता सांगितलं.

"आणि दाढ?" मालतीबाईंनी विचारलं.

निवेदिता दचकली. "परत करायचंय तुम्हाला?"

"तूच करायचंस."

"हाड भरू दे आधी. आखूड स्क्रू घेऊ. आणि सरांना शेजारी उभं करीन, मगच हात लावीन."

"बरं," मालतीबाई म्हणाल्या. म्हणाल्या खऱ्या, पण बोट नकळत हनुवटीवरच्या त्या बधीर ठिपक्यावर गेलं होतं.