घागरभर पाणी

माझ्या सासऱ्यांनी, विठू तांडेलांनी, पहिल्या मोटारीत घागरभर पाणी ओतलं तेव्हा मला हसू आवरेना. दुसरीत ओतलं तेव्हा लाज वाटली. तिसरी बघायला निघालो तोवर माझं डोकं पुरतं फिरलं होतं.

पनवेलच्या कोळीवाड्यातली ही गोष्ट, सत्तावन्न सालची. आमचे हे तेव्हा बाहरीनला तेलाच्या कंपनीत साहेबाची मोटार चालवत. आमची गोदू भिंतीवरच्या फोटोलाच बाबा म्हणायची. त्यांचा करार संपत आला होता. त्यांनी कळवलं, तिकडे पनवेलात एखादी जुनी मोटार बघून ठेवा, आलो की उरणपर्यंत टॅक्सी चालवीन. नारळी पौर्णिमेपर्यंत मोटार ठरली नाही तर आणखी तीन वर्षांची सही करावी लागेल. होडी तर आमच्याकडे राहिलीच नव्हती. परत येऊन त्यांनी करायचं काय?

इंजिन पारखायला यांचा दोस्त तुळशीराम होता, लॉरीवरचा ड्रायव्हर. पण घरात शेवटचा शब्द मामांचा. सासऱ्यांना मी मामाच म्हणायची.

पहिली मोटार मिठाच्या एका व्यापाऱ्याची. तुळशीरामने चालवून पाहिली, खूश झाला. मग मामांनी गड्याकडून पाण्याची घागर मागवली आणि पाय ठेवायच्या जागी सरळ ओतून दिली. पाणी खालून टपटप गळू लागलं. "फुटकी हाय," म्हणाले, आणि काठी टेकत चालू लागले. दुसऱ्या मालकाने तर आम्हाला अंगणातून हाकलूनच दिलं. तांडेल मोटार खाडीत लोटणार आहे काय, असं बाजारात लोक विचारू लागले. विचारणारच. लोकांना काय, फुकटची करमणूक.

आमच्यात नवी होडी पाण्यात लोटण्याआधी किनाऱ्यावर तिच्यात पाणी भरून ठेवतात. फळ्यांच्या सांध्यांतून गळलं तर होडी कच्ची. मामा तेच करत होते, हे मला कळत होतं. पण मोटार म्हणजे होडी नव्हे, हे शेंबड्या पोरालाही समजतं.

पौर्णिमा तोंडावर आली. दिनानाथ वकिलांची मोटार बघायला जायचं होतं. त्या सकाळी डोईवरचा पदर सावरून मी सासऱ्यांना तोंडावर विचारलं, "मामा, रस्त्याला पानी नसतं. तुमाला पोरगा घरी नको हाय काय?"

मामा ओट्यावर बसले.

"मला ठावं हाय गो," ते म्हणाले. "येवडा येडा नाय मी. पन दुसरं काय बगू? मला येवडंच बगता येतं. रामूच्या येळंला तेवडंबी बगितलं नाय. म्हावरं जोरात व्हतं, घाई केली, पानी न भरता होडी लोटली. आता मी पसंत केलेल्या गाडीत गणू बसनार."

रामू म्हणजे माझे थोरले दीर. भर समुद्रात नव्या होडीचा सांधा सुटला. मामांना दुसऱ्या होडीवाल्यांनी ओढून काढलं, रामूभावजी सापडलेच नाहीत. त्यानंतर मामांच्या तोंडून त्यांचं नाव मी पहिल्यांदाच ऐकलं. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, आणि मी त्या फुंकण्याला हसत होते. माझा राग तिथेच विरला. पण राग विरल्याने नवरा घरी येत नाही.

वकिलांकडे तुळशीरामची पारख झाली. मामा खालमानेने उभे होते, घागर मागायचीही त्यांना आता लाज वाटत असावी. मग मीच विहिरीवर गेले, घागर भरून आणली आणि वकिलांच्या देखत मोटारीत ओतली. वकील बघतच राहिले. पाणी गळून त्यांच्या अंगणातून वाहत गेलं. मामांनी मान फिरवली.

"बगा मामा," मी म्हटलं. "होडीत पानी आत येतं, म्हनून मानूस जातो. हिच्यातलं पानी आत ऱ्हायलं नाय. सगळं भाएर गेलं."

मामा वाकले. मोटारीच्या तळावरून त्यांनी हात फिरवला, कोपऱ्यांपर्यंत, सावकाश. पुन्हा फिरवला. उठले तेव्हा त्यांचे डोळे भरले होते.

"गणूला कळवा," ते तुळशीरामला म्हणाले. "गाडी बगितली म्हनावं. बाबानं बगितली."

दसऱ्यानंतर हे आले. पहिल्या दिवशी टॅक्सी काढायला निघाले तर मामा आधीच मोटारीपाशी. दार उघडून त्यांनी आत वाकून तळावरून हात फिरवला, कोरडा आहे का ते पाहिलं, मगच बाजूला झाले. दुसऱ्या दिवशीही तेच. मामा होते तोवर एकही सकाळ चुकली नाही.

आमचे हे भारी घाईचे, स्टँडवर गिऱ्हाईक उभं असायचं. पण रामूभावजी त्यांचेही भाऊ होते. मामांचा हात बाहेर येईपर्यंत त्यांनी कधी इंजिन सुरू केलं नाही.