लोकरीत अडकलेला गळ

गळांचे उलटे काटे सोल्वेगने पहाटेच पकडीने दाबून सपाट केले होते. गळातून सोडलेला लहान सॅमन मासा जगला पाहिजे, म्हणून गळाला काटा नको, हा ओरेगनच्या किनाऱ्यावरचा कायदा तिला मनापासून पटत होता. तपासणीला आलेला मत्स्यखात्याचा केंडल तिच्या होडीवर चढला आणि एकेक गळ आपल्या लोकरी बाहीवरून ओढू लागला. एका गळाला बाहीचा धागा अडकला; म्हणजे त्याचा काटा पुरता दबला नव्हता.

"संपलं. आजची मासेमारी बंद, सोल्वेगबाई."

"एका धाग्यापायी? आणि तो समोरचा कोण लागून गेला रे?" ती कडाडली. समोरच्या अवाढव्य ट्रॉलर जहाजाने नुकतंच जाळं उपसलं होतं. त्याला सॅमन ठेवायला बंदी, म्हणून जाळ्यात चिरडून मेलेले सॅमन माणसं फावड्याने समुद्रात लोटत होती.

"ते नियमानंच चाललंय."

"वा रे नियम! चोर सोडून संन्याशाला फाशी!"

मेलेले मासे तरंगत तिच्या होडीला येऊन थडकले. त्यातला एक उचलून तिने केंडलच्या पुढ्यात आपटला. "उघड याचं तोंड! दाखव, कुठं रुतलाय माझा गळ!"

केंडलने माशाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"तो परत पाण्यात टाका, बाई. आज तुमच्या होडीवर सॅमन सापडला, तर गुन्हा होईल."