उपाशी कौदी

"निळी कुठं हाय?"

चहाचे कागदी कप सांभाळत नीलाबाई स्टॉलच्या तोंडाशी उभ्या होत्या आणि दोरीकडं बघत होत्या. लाल होती. हिरवी होती. जुन्या धोतरांची पांढरी होती. मधे नुसती दोरी.

"गेली," सुकन्या म्हणाली.

"गेली? अगं माय! बोहणी झाली की!" कप टेबलावर आले, त्यांतला अर्धा चहाही टेबलावर आला. "कुणी नेली गं? पोटाचं सांगितलंस न्हवं?"

सुकन्यानं सुई उशीत टोचली. काढली. पुन्हा टोचली.

"सुकन्या."

"शिवून टाकलं मी, आत्याबाई."

*

कौदी म्हणजे वाकळ. म्हणजे गोधडी. निलंग्याकडं, कानडी मुलूख जवळ आला की कौदी म्हणतात. जुन्या लुगड्यांचे थर, वर रंगीत तुकडे, आणि कडेनं सुरू होऊन गोल गोल आत येणारा धावदोरा. फिरत फिरत टाका मध्यावर आला की हात थांबवायचा. तिथं तळहाताएवढी जागा उघडी ठेवायची. ते कौदीचं पोट. ज्या घरी कौदी जाणार, त्या घरच्या बाईनं आपल्या तव्यावरच्या पोळीचा वाळका तुकडा त्यात घालायचा आणि मग शिवायचं. कौदी जेवली. आता ती त्या घरची.

आणि न जेवता शिवलं तर? तर ती पांघरणाऱ्याची झोप खाते. असं नीलाबाईंची आई म्हणायची. नीलाबाई म्हणतात. त्यांची सून सुकन्या बी.एस्सी. आहे, रसायनशास्त्र घेऊन. ती काही म्हणत नाही. पण आजवर एकही पोट तिनं रिकामं शिवलेलं नव्हतं.

*

कसं झालं. असं झालं.

नांदेड, लातूर फाट्याच्या अलीकडं, मंगल कार्यालयाचं लॉन. कमानीवर मोठ्या अक्षरांत: 'आपल्या हातचं. मराठवाड्यातल्या स्वतंत्र कारागिरांचा मेळा'. स्वतंत्र कारागीर म्हणजे आपण, हे सुकन्यानं एसटीत सासूला समजावून सांगितलं होतं. नीलाबाई म्हणाल्या होत्या, "सोतंत्र? मंग सैपाक कोन करील?"

सकाळपासून लोक येत होते, कौद्यांवरून हात फिरवत होते, आणि हात मध्यावर आला की थांबत होते.

"छान आहे हो. पण इथं शिवायचं राहिलंय."

"फाटलंय का हे?"

"डिफेक्ट पीस असेल तर कमी करा ना."

एका काकांनी त्यात मनगटापर्यंत हात घातला आणि विचारलं, "मोबाइल ठेवायला केलंय का?"

सुकन्यानं प्रत्येकाला पोटाची गोष्ट सांगितली. आधी रंगवून. मग थोडक्यात. मग खाली बघत, उरकून. समोरच्या स्टॉलवर काचेच्या भांड्यांत सुवासिक मेणबत्त्या होत्या, मागे पांढरा पडदा, पडद्यावर झाडाची फांदी. आणि इकडं ही: भूक, पोळी, आत्याबाईंची आई. काहीतरी गावठी सांगून राहिलो आपण, असं तिला वाटायला लागलं. कान गरम व्हायला लागले. नीलाबाई चहा आणायला गेल्या.

तेवढ्यात ती बाई आली. उंच. कपाळावर एक पांढरी बट. कुणाशी काही न बोलता निळी कौदी तिनं गालाला लावून बघितली. मग तिचं बोट टाक्यांवरून फिरायला लागलं. गोल. आत. आणखी आत. ते पोटापाशी पोचायच्या आत सुकन्या म्हणाली,

"तेवढं राहिलंय. थांबा, लगेच देते."

निळा दोरा संपला होता. लाल होता. लाल ओवला. टप टप टप. बाईनं रोख पैसे दिले, नाहीतर फोनवर नाव तरी दिसलं असतं. घडी काखेत मारली. गेली.

*

"उपाशी धाडलीस," नीलाबाई म्हणाल्या. ओरडल्या नाहीत. "आन् वरून तोंड शिवलंस. भूक लागली म्हनायची बी सोय न्हाई ठिवली तिला."

"आत्याबाई, ती कौदी आहे."

"हाव. कौदीच हाय." नीलाबाई बसल्या, उरलेला चहा एका कपात ओतला. "बस. चहा घे. झालं ते झालं."

सुकन्या बसली. उठली. लाल कौदी सरळ केली, ती सरळच होती. मेणबत्त्यांचा वास डोक्यात चढत होता. रिकाम्या दोरीकडं बघायचं नाही म्हटलं की तिकडंच नजर जात होती.

ती बाई अजून इथंच असेल. मेळ्यात आलेला माणूस एकाच स्टॉलवरून घरी जातो का?

"येते," ती म्हणाली. सुई ओढणीला टोचली, लाल दोऱ्याचं रीळ मुठीत धरलं, निघाली.

*

चमचे.

मुदखेडचा ग्यानोबा बँकेतली नोकरी सोडून बाभळीचे चमचे कोरतो, हे दुपारपर्यंत सगळ्या मेळ्याला पाठ झालं होतं. कारण जो येई तो विचारी, "का हो सोडली?"

"भाऊ, उंच बाई, काखेत निळी गोधडी. इकडून गेली का?"

"मी खाली बघून काम करतो, ताई. पाय सांगा."

"काय?"

"चपला कसल्या हुत्या? चपला वळखतो मी."

सुकन्याला चपला आठवेनात.

"मंग अवघड हाय." ग्यानोबानं चमच्यावरचा भुसा फुंकला. "चोरली का गोधडी?"

"नाही, मीच विकली."

"मंग तुम्ही का पळून राहिल्या? विकल्यावर गिऱ्हाइकानं पळायचं असतं."

*

पुढं साबण. पुढं कापडी बाहुल्या. पुढं कुणीतरी बांबूच्या नळीत स्पीकर बसवला होता, त्याला बॅटरी लागत नव्हती आणि आवाजही येत नव्हता, पण गर्दी होती. निळा पदर दिसला. ती नव्हती. पांढरी बट दिसली. पुरुष होता. सुकन्या वळली, परत तिथंच आली, पुन्हा साबण.

*

कप.

आरती लातूरची. मातीचे कप करते, सगळे जरासे कललेले, कुणी कानात काही सांगावं तसे. एक गृहस्थ कप डोळ्यांसमोर धरून उभे होते.

"हा वाकडा आहे."

"सगळेच वाकडे आहेत, काका."

"सरळ नाही का एखादा?"

"सरळ पाहिजे तर स्टीलचा घ्या. लई टिकतो."

गृहस्थ हसले. वाकडाच घेतला, त्यातही जास्त वाकडा निवडून.

सुकन्या बघत राहिली. एवढंच होतं? तोंडावर सांगायचं, वाकडा आहे. उघडं आहे. घ्यायचं तर घ्या.

"निळी गोधडी?" आरती म्हणाली. "हाव की, इथंच बसली होती आत्ता. मांडीवर घेऊन. मधे लाल टाके होते बघा, त्यावरून सारखा अंगठा फिरवत होती."

"काही बोलली?"

"म्हणाली, बाकीचे टाके कसे निवांत चाललेत. एवढेच का पळालेत?"

"कुणीकडं गेली?"

आरतीनं हात केला. हात सगळीकडंच फिरला.

*

माइक.

मेळा भरवणारा रविकिरण स्टेजच्या कडेला माइक धरून उभा होता.

"काय अनाउन्स करू, ताई?"

"म्हणा, निळी कौदी नेलेल्या ताईंनी परत या. कौदी उपाशी आहे."

रविकिरणनं माइकवर तळवा दाबला. "अहो, तिकडं खाण्याचे स्टॉल लावलेत मी. उपाशी-बिपाशी ऐकून लोकांना काय वाटंल?"

"मग नुसतं निळी म्हणा. पण लवकर."

"निळी वस्तू घेतलेल्या भगिनींनी कृपया स्टेजजवळ यावं."

निळी पर्स आली. निळी बरणी आली. निळं झबलं घातलेलं एक बाळ आलं, त्याची आई घाबरलेली. "काय झालं? माझी गाडी आडवी लागली का?"

गाडी.

सुकन्या आधीच पळाली होती.

*

पार्किंगमध्ये ती बाई स्कूटीवर बसली होती. कौदी पायाशी, दोन्ही गुडघ्यांच्या मधे घट्ट. चावी लावलेली.

"ताई! ओ ताई! थांबा!"

"पैसे कमी दिले का मी?"

"नाही. ते मधलं. ते पोट. मी शिवायला नको होतं." आणि सुकन्यानं सांगितलं. रंगवून नाही, थोडक्यात नाही. धापा टाकत, मागचं पुढं करत, पोळी आधी आणि लुगडी नंतर.

बाईनं सगळं ऐकून घेतलं. तिचं नाव बुद्धप्रिया. शाळेत गणित शिकवते. नुकतीच एकटी राहायला लागली होती, भाड्याच्या खोल्यांत, आणि त्या खोल्यांसाठी स्वतः निवडून घेतलेली ही पहिली वस्तू होती.

"म्हणजे आता मला झोप लागणार नाही?"

"मी तसलं मानत नाही," सुकन्या म्हणाली.

"मग इतक्या पळत कशाला आलात?"

सुकन्या मुठीतलं लाल रीळ फिरवत राहिली.

"आमच्या आजीचीही वाकळ होती," बुद्धप्रिया म्हणाली. "तिच्या पोटात काय घालणार? घरातल्यांचीच पोटं भरत नव्हती. आजी म्हणायची, ऊब देते ना, मग झालं."

लॉनवरून माइकचा आवाज येत होता. निळ्या झबल्याच्या आईला बोलवत होता, ती गेलीच होती बहुतेक.

"मग राहू दे?" सुकन्यानं विचारलं.

"राहू दे कसं? पोळीचं तुमचं तुम्ही बघा. पण हे—" तिचा अंगठा लाल टाक्यांवर गेला, "हे तुम्ही माझ्यापासून लपवलंत. मला विचारायचंच होतं, इथं उघडं का. सगळीकडं इतकं नेटकं आणि इथंच का. त्यासाठीच तर घेतली. तुम्ही विचारू दिलं नाहीत."

"माझं चुकलं."

"उसवा."

कात्री स्टॉलवर राहिली होती. सुकन्या स्कूटीजवळ खाली बसली, गाठ दातानं तोडली, सुईच्या टोकानं एकेक टाका उचलला. घाईनं घातलेले टाके घाईनंच निघाले. कापडात बारीक भोकं राहिली. तिनं ती नखानं घासली. गेली नाहीत.

पोट उघडलं. बुद्धप्रियानं त्यात बोटं घातली.

"आत काय आहे?"

"लुगडी. आत्याबाईंची. त्यांच्या जावेची. एक कुणाचं तरी, कुणालाच आठवत नाही."

"हं."

सुकन्यानं सुई ओवली, रिळासकट तिच्या हातात दिली. "शिवताना आधी..."

"बघते मी."

"काय घालणार?"

"माझी पोळी करपते," बुद्धप्रिया म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. "बघू. काहीतरी घालीन. नाहीतर उघडीच पांघरीन."

"मला कळवाल?"

"नाही."

रागावून नाही. गणित सुटलं की खडू खाली ठेवावा तशी. स्कूटी निघाली. कौदी गुडघ्यांमधे, पोट वर, आभाळाकडं.

सुकन्या रस्त्याच्या कडेला उभी राहिली. स्कूटी फाट्यावरच्या ट्रकांत, उसाच्या ट्रॉल्यांत शिरत होती, दिसत होती, दिसत नव्हती. आणि सुकन्या मनातल्या मनात त्या पोटात एकेक घालून बघत होती. करपलेली पोळी. ज्वारीची भाकरी. पाव. डब्याच्या मावशींनी आणलेलं काहीतरी. काहीच नाही. भात...

भात? भात चालत नाही. आंबतो. मुंग्या लागतात. हे सांगायचंच राहिलं.

ती पळाली. हात वर केला, ओरडायला तोंड उघडलं.

मग थांबली. घर तिचं आहे.

भात तर भात.