रेवडीच्या कानावर

धर्मराजने गोवऱ्यांच्या विस्तवातून डागणी बाहेर काढली, तिच्या लाल टोकावर थुंकून पाहिलं आणि ती परत निखाऱ्यांत खुपसली. अजून जरा तापायला हवी होती. कडूबाने लगाम आखूड धरला होता आणि दुसऱ्या हाताने तो आपल्या घोडीचं, रेवडीचं, कपाळ चोळत होता. घोडी पुढचा डावा पाय अधांतरी धरून उभी होती. टेकवला की लगेच उचलायची.

शहागडच्या बाजारातून येताना, भादव्याच्या चिखलात रेवडी लंगडायला लागली होती. नाल पाहिली तर जागच्या जागी. काटा नव्हता, खडा नव्हता. मग गावातल्या जाणत्यांनी पारावर बसून ठरवलं की खांदा धरलाय, आणि खांदा धरला की त्यावर डाग द्यायचा हे तर ठरलेलंच. धर्मराज बैलांना डाग द्यायचा, घोड्यांना द्यायचा, पोटदुखीच्या माणसांनाही द्यायचा. आजवर त्याचा डाग चुकला असं कुणी म्हटलं नव्हतं. जनावरांना बोलता येत नव्हतं आणि माणसं दुसऱ्या डागाच्या भीतीने बरं वाटतंय म्हणून सांगायची.

कडूबाचा सगळा जीव त्या घोडीत होता. बायको गेल्यापासून त्या घरात त्याच्याशी दोन शब्द बोलणारं कुणी उरलं नव्हतं. मुलगा बद्रीनाथ उजाडायच्या आत शेतात जायचा, अंधार पडल्यावर यायचा आणि भाकरी खाऊन आडवा व्हायचा. सून साळूबाई घरात येऊन वर्ष होत आलं होतं, पण सुनेने सासऱ्यासमोर तोंड उघडायचं नसतं आणि सासऱ्यानेही सुनेला हाक मारायची नसते. ती ताट ठेवायची, पदर पुढे ओढायची आणि निघून जायची. तिचा आवाज कसा आहे हे कडूबाला खरोखरच ठाऊक नव्हतं. राहता राहिली रेवडी. संध्याकाळी तिच्यापाशी बसून तो दिवसभराचं सगळं सांगायचा. ती कायमची लंगडी झाली तर आपलं कसं व्हायचं, हे त्याला कळत नव्हतं.

डागणी पुन्हा बाहेर निघाली. तेवढ्यात गोठ्याच्या दारातून आवाज आला.

“रेवडे, तुहं दुखणं खांद्यात न्हाई गं बाई. खुरात हाये.”

साळूबाई शेणाची पाटी कमरेवर घेऊन उभी होती. पदर पार हनुवटीपर्यंत आला होता आणि दोन्ही पुरुषांकडे तिने पाठ केली होती. ती बोलत होती ते घोडीशी. सासऱ्याशी बोलायची बंदी होती, जनावराशी बोलायची नव्हती. अशा वेळी घरोघरच्या सुना मांजराला सांगतात, पाळण्यातल्या लेकराला सांगतात, आणि ज्याने ऐकायचं तो ऐकतो. साळूबाईने वर्षभरात तेवढंही केलं नव्हतं.

“सकाळी शेण काढताना हात लागला, तर खूर निस्ता तापल्याला,” ती रेवडीला सांगत होती. “मह्या बापाच्या घोडीलाबी असंच झाल्तं. खांद्याला डाग दिला, आन् मंग पू निघाला खुरातून. डाग मातर जन्माचा राह्यला तिला.”

धर्मराज हसला. बाईमाणसाच्या बोलण्यावर कुठं थांबता, डागणी निवायला लागली, असं काहीतरी तो म्हणाला. कडूबाने लगाम सैल सोडला. गुडघ्यावर हात टेकत तो खाली बसला आणि त्याने उजव्या खुरावर तळवा ठेवला. खूर गार होता. मग डाव्यावर ठेवला. पुन्हा उजव्यावर, पुन्हा डाव्यावर. डाव्या खुराच्या तळाशी त्याने अंगठा दाबला तशी रेवडी अंग चोरून मागे सरली.

कडूबा उठला आणि त्याने धर्मराजला विस्तवावर पाणी ओतायला सांगितलं. धर्मराज कुरकुरत निघून गेला तरी साळूबाई तिथेच उभी होती. काहीतरी बोलायला हवं होतं, पण कुणाशी आणि कसं, हे कडूबाला सुचेना. तो घोडीकडे वळला.

“मंग करायचं काय, तेबी सांगून टाक की,” तो रेवडीला म्हणाला.

रेवडी कशाला सांगते. साळूबाईने तिला समजावून सांगितलं की खूर मिठाच्या कढत पाण्यात शेकायचा, मग जवस आणि कोंडा शिजवून त्याचं पोटीस बांधायचं, वरून गोणपाट. आणि नालबंदाला बोलावून आधी नाल काढून घ्यायची.

वडीगोद्रीहून चांदपाशा नालबंद आला. त्याने नाल उतरवली, तळवा खरवडला, एका जागी बोट ठेवलं. पू आत आहे पण खोल आहे, आत्ता पोखरलं तर चांगला खूर खराब व्हायचा, पोटीस चालू ठेवा, तो आपण होऊन खाली आला की मला बोलवा, असं सांगून तो गेला.

मग रोज सकाळ-संध्याकाळ तेच काम सुरू झालं. साळूबाई कढत पाण्याचं घमेलं आणायची, कडूबा रेवडीचा पाय उचलून त्यात ठेवायचा. पहिल्या दिवशी रेवडीने घमेलं उलटं केलं आणि कडूबाचं धोतर भिजलं. पदराआडून हसल्याचा आवाज आला. पाणी निवेपर्यंत दोघांनाही तिथून हलता येत नव्हतं, आणि नुसतं उभं तरी किती वेळ राहायचं. साळूबाई घोडीशी बोलायची. तिचं झालं की कडूबा घोडीशी बोलायचा.

“रेवडे, काल कुणी अर्धी भाकर ताटात टाकली गं? दात दुखतेत का कुणाचे?” साळूबाई विचारायची.

“दात बराबर हायेत म्हणावं. कालवणात मीठ लई पडल्तं.”

दुसऱ्या दिवशी कालवण बेताचं झालं होतं आणि तेही कडूबाने आठवणीने घोडीला सांगितलं. हळूहळू रेवडीच्या कानावर बरंच काही पडायला लागलं. साळूबाईचं माहेर गोदावरीच्या पलीकडच्या तीराला होतं. रात्री नदीची गाज ऐकू आली की तिला झोप लागत नव्हती, कारण धाकटा भाऊ नावेतून ये-जा करायचा आणि त्याला पोहता येत नव्हतं. हे ऐकल्यापासून कडूबा उठल्याबरोबर आधी नदीवर जाऊन पाणी पाहून यायचा. “आज वाळू उघडी पडली. नाव बिनघोर चालू राह्यलीय,” असं तो रेवडीला सांगायचा आणि साळूबाई मान खाली घालून घमेल्यातलं पाणी हलवत राहायची. त्यानेही घोडीला बायकोच्या गोष्टी सांगितल्या. ती रागावली की भांडी कशी आदळायची, आणि शेवटच्या आजारात तिने कण्याच मागितल्या तर याला त्या शिजवता आल्या नव्हत्या. हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या संध्याकाळी ताटात कण्या आल्या.

एकदा बद्रीनाथ औताचा तुटलेला दोर न्यायला सकाळीच परत घरी आला, तर गोठ्यातून बापाचं हसणं ऐकू आलं. पाहुणे आले असतील म्हणून त्याने डोकावून पाहिलं. बाप घोडीकडे बघून हसत होता, बायको घोडीकडे बघून बोलत होती. तो डोकं खाजवत दोर घेऊन शेतात गेला.

एके सकाळी गोणपाट काळपट, घाण वासाच्या पुवाने भिजलेलं होतं आणि रेवडी चारी पायांवर नीट उभी होती. कडूबाचे डोळे भरून आले. चांदपाशाला निरोप गेला. त्याने जखम साफ केली, हळद आणि करडीच्या तेलात भिजवलेला कापूस आत भरला. खूर कोरडा ठेवायला सांगून तो गेला आणि जखम भरल्यावर परत येऊन नवी नाल ठोकून गेला.

“आता बिलकुल बराबर. उद्या जीन टाका,” असं म्हणून त्याने घोडीच्या पुठ्ठ्यावर थाप मारली.

कडूबाला आनंद झाला. का होऊ नये? दुसऱ्या दिवशी तो रेवडीवर बसून मळ्यापर्यंत जाऊन आला. ती झकास चालली. परत आला तेव्हा साळूबाई शेण काढत होती. त्याला पाहून तिने पदर ओढला, पाटी उचलली आणि ती बाहेर गेली. आता तिथे थांबायला तिला काही निमित्त नव्हतं. संध्याकाळी तिने ताट ठेवलं आणि ती आत गेली. कालवणात मीठ टाकायचंच राहिलं होतं. कडूबाने ते तसंच संपवलं. मग गोठ्यात जाऊन रेवडीला सांगितलं, पण ऐकायला तिथे फक्त घोडीच होती.

घोडी लंगडी होती तेच बरं होतं, असं त्याच्या मनात आलं. आणि असं मनात यावं याची त्याला लाजही वाटली.

दुसऱ्या दिवशी झुंजूमुंजू होताना तो उठला आणि आवाज न करता गोठ्यात शिरला. अंधार होता, सगळं चाचपडतच करावं लागलं. आपल्याच गोठ्यात चोरासारखं वागायची वेळ त्याच्यावर आजवर आली नव्हती. काम उरकून तो ओसरीवर येऊन बसला आणि अंबाडीचा दोर वळू लागला. उजाडलं. साळूबाई पाटी घेऊन गोठ्यात गेली. शेण काढल्याचा आवाज आला नाही. काहीच आवाज आला नाही. कडूबाने दोराला पीळ घालायचा थांबवला.

“रेवडे,” आतून आवाज आला, “तुहा तर डावा पाय दुखत व्हता ना गं? आज गोणपाट उजव्याला कसं?”

कडूबाच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. खाली मान घालून तो पुन्हा दोर वळू लागला. मग पाटी खाली ठेवल्याचा आवाज आला. साळूबाई बाहेर आली, त्याच्याकडे पाठ करून चुलीपाशी गेली आणि तिने पाण्याचं घमेलं विस्तवावर चढवलं. तिथूनच ती गोठ्याच्या दिशेने, जरा मोठ्याने बोलली.

“आसू दे गं बाई, शेकू उजवाबी. घाई कशाची हाये? ह्यो बरा झाला की मागचे दोन हायेतच.”