भव्यानं डिग्री कशी बदलली

देवाप्पानं पोरीची वेणी धरून तिला अंगणात ओढली, तवा मी रागी पाखडत हुते. देवाप्पा माझा धाकटा भाऊ. शेतांना पाणी सोडायला तळ्याचं दार उघडायचा मान पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराकडं. शहरातल्या जे. पी. नगराच्या पल्याड हे एवढंच तळं जितं उरलंय. अन् देवाप्पाची एकुलती एक लेक भव्या, पीयूसी म्हंजी बारावी पास झालेली, म्हणती वनशास्त्र शिकणार, तेबी लांब घाटात जाऊन.

"कंप्युटर घे म्हटलं न्हवं तुला?" त्यानं कानफाडात हाणली. "झाडं राखायला डिग्री लागती व्हय गं?"

"लागती! जंगलात तुमच्यासारखी माणसं तरी नसत्यात, आप्पा!" पोरगी रगत थुकत बोलली.

मी सूप टाकलं अन् मुसळ त्याच्या पाठीत घातलं. "मेल्या, पोरगी हाय का बैल?"

"अक्का, तू मधी पडू नगंस!"

तेवढ्यात बांधाकडनं धडाधडा आवाज आला. तळ्याला पावसाचं पाणी आणणाऱ्या पाटात बिल्डरचा टिपर राडारोडा ओतत हुता. पाट बुजला की तळं मेलं, अन् मग तिथं इमारत. शेंबड्या पोरालाबी कळतंय हे, पर गाव आपलं दारं लावून आत बसलेलं.

देवाप्पा अनवाणीच पळाला. टिपरवर चढून त्यानं डायवरला गचांडी धरून खाली वढला. टिपरमधली दोघं लोखंडी गज घेऊन धावून आले. पहिल्याच घावात देवाप्पाचा हात मोडला, मला आवाज आला हो! मी शिव्या घालत दगड भिरकावले. पर भव्या माझ्याआधी पोचली. फावडं उचलून तिनं गजवाल्याच्या नडगीवर असं घातलं, की तो बोंबलत आडवा झाला. दुसरा घाव टिपरच्या काचंवर. आडव्या पडलेल्याला टिपरात कोंबून पळाले मेले.

ढीग पाटातच राहिला. भव्या रडत रडत तो उपसायला लागली.

"देवा, दवाखान्यात चल," मी म्हटलं.

"थांब स्वल्प, जरा दम धर." हात छातीशी धरून तो पोरीकडं बघत बसला हुता.

"आप्पा, घाटात न्हाई जात मी," भव्या म्हणाली. "तिथली झाडं राखायला कुणीतरी जाईल. हितं कोण हाय? माती-पाण्याचं इंजिनिअरिंग हाय हितल्या शेतकी कॉलेजात. तेच घेते."

देवाप्पानं तिच्या हातातल्या फावड्याकडं बघितलं.

"त्यात मारामारी शिकवत्यात?"

"न्हाई."

"मग ती माझ्याकडं शीक. फावडं मधी धरलं हुतंस. दांड्याच्या पार टोकाला धरायचं."