माळवदाची काजळी आणि चहाची वेळ

१९९३ साली काही दिवस जगातल्या पदार्थविज्ञानाचं केंद्र जिंतूर तालुक्यातल्या चारठाण्याला होतं, याची दखल इतिहासानं घेतलेली नाही. नाही घेतली ते ठीकच झालं. कारण हे केंद्र दिनकररावांच्या स्वयंपाकघरात, चुलीच्या बरोबर वर, माळवदाच्या तुळयांना लोंबत होतं आणि घरातल्या बाया त्याला काजळी म्हणत.

सुरुवात व्याख्यानानं झाली. विज्ञान दिनाला गावच्या वाचनालयानं जिंतूरहून सूर्यभान सरांना बोलावलं. सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. ते बौद्ध, त्यात बोलायला खणखणीत, आणि विद्यापीठाच्या नामांतराचा निकाल तेव्हा लागायचा होता. सर त्यावर बोलतील म्हणून काही मंडळी आली नाहीत, आणि त्याच कारणासाठी काही मंडळी मुद्दाम आली. सर कार्बनच्या नळ्यांवर बोलले. सगळ्यांची सारखीच निराशा झाली. इतकी समता गावात आधी कुणी पाहिली नव्हती.

सर म्हणाले, जपानात एका शास्त्रज्ञाला काजळीत नळ्या सापडल्या आहेत. केस उभा चिरून त्याच्या हजारो चिरफळ्या केल्या, तर त्यातली एक जेवढी बारीक होईल तेवढी एक नळी. वजनाला काहीच नाही, पण कागदावरचा हिशेब सांगतो की ताणायला गेलं तर पोलाद आधी तुटेल. कार्बनची जाळी कशी गुंडाळली आहे, त्यावर तिच्यातून वीज कशी वाहणार ते ठरतं. उद्या यांचे दोर होतील, विमानं होतील, नखावर मावतील अशी यंत्रं होतील.

"सर, काजळीतून वीज वाहती, मग आमच्या तारंतून का वाहत न्हाई?" दिनकररावांच्या शेजारच्या बन्सीधरनं विचारलं.

"हा प्रश्न माझ्या विषयाबाहेरचा आहे," सर म्हणाले. "आता दोन गोष्टी नीट लक्षात ठेवा..."

आणि चहा आला.

आमच्याकडं व्याख्यानाचा चहा पुरुषांच्या बाजूलाच फिरतो. कप थोडे, माणसं फार, तेव्हा पहिल्या खेपेत हवा असेल तर उठून जावं लागतं. पुरुष उठले. मागं सतरंजीवर बसलेल्या बायकांना चहा नसतो, म्हणून त्यांनी व्याख्यान शेवटपर्यंत ऐकलं. दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी मालनबाईंनी, म्हणजे दिनकररावांच्या मंडळींनी, चुना भिजत घातला आणि खराटा उचलला. दिनकरराव आडवे आले.

"हात लावायचा न्हाई."

"कशाला?"

"काजळीला. पोलाद हाय ते."

"अहो, ऐतवारी सेलूची पाव्हणी यायलेत आपल्या पंचफुलाला बघायला. बाया थेट चुलीपाशी येतात. हे असं काळं माळवद बघून काय म्हणतील? पोरगी नापसंत झाली तर तुमच्या पोलादाला देऊ का तिला?"

"अगं, माझ्या आज्यापासून साठायलंय हे. लय जुना माल हाय."

"मग आज्यानं का न्हाई इमान बांधलं त्याचं?"

आजोबांना व्याख्यान मिळालं नव्हतं, हे उत्तर दिनकररावांनी मनात ठेवलं. त्यांची खरी फिकीर बैलाची होती. जमादार नावाचा त्यांचा बैल कुठलाही दोर तोडायचा. दिनकररावांनी थोडी काजळी एरंडीच्या तेलात खलली, अंबाडीच्या नव्या दोराला चोळचोळून चोळली आणि जमादारला बांधला. सगळा गाव बघायला जमला. जमादारनं दोर हुंगला, मान झटकली आणि तो बन्सीधरच्या ज्वारीत गेला.

"काय दिनकरराव, जपान तुटलं व्हय?" बन्सीधर बैलामागं धावता धावता ओरडला.

"काजळी कमी पडली," दिनकरराव म्हणाले.

विज्ञानात असं होतं. अपयशानं श्रद्धा वाढते. संध्याकाळपर्यंत बन्सीधरनंही आपल्या घरातली काजळी झाडायला बंदी केली, आणि मग गल्लीत ज्याला त्याला आपलं माळवद कारखान्यासारखं दिसू लागलं. पंचफुला रोज वर बघायची, मग आईकडं बघायची. आई चुना ढवळत राहायची.

शनिवारी सकाळी दिनकरराव जेवायला बसले, तर मालनबाई नाकातोंडाला पदर घट्ट बांधून वाढायला आल्या.

"हे काय सोंग?"

"सरांनी सांगितलं न्हवं का? ह्या नळ्या लय बारीक. छतावर घालतात ना ते सिमेंटचे पत्रे, त्यातला तंतू छातीत रुततो. तशाच ह्याबी रुतून बसतील का काय, ते अजून कुणालाच ठावं न्हाई. कळंपर्यंत नाक बांधावं, कोरडं खरवडू नये, पाणी मारून काढावं."

"कवा सांगितलं?"

"तुमी चहा पिऊ लागले होते तवा."

दिनकररावांचा घास थांबला. त्यांनी वर बघितलं, मग ताटात बघितलं. जन्मभर ते याच जागी जेवत होते.

"आणि दुसरी गोष्ट कोणती सांगितली?"

"दुसरी मला उमगली न्हाई," मालनबाई म्हणाल्या.

दुसरी गोष्ट अशी होती की जपानी काजळी चुलीची नव्हे. बंद भांड्यात कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेची ठिणगी पेटवून ती करतात. चुलीच्या काजळीकडून तसली अपेक्षा करू नये. चुलीचा धूरही छातीला वाईटच, असं सर पुढं म्हणाले होते, पण ते जुनं विज्ञान असल्यामुळं त्याचा कुणावर परिणाम होत नाही. सतरंजीवरच्या सगळ्या बायांना ही दुसरी गोष्ट चांगली उमगली होती. एकीनंही ती घरी सांगितली नाही.

शनिवारी दुपारी दिनकरराव नाकाला उपरणं बांधून, शिडीवर चढून, ओल्या खराट्यानं तीन पिढ्यांचं पोलाद खाली पाडत होते. पलीकडं बन्सीधर तेच करत होता.

"बन्शी, नाक बांध, नाक!"

"बांधलंय! बोलू नगा, नळ्या जातील तोंडात!"

संध्याकाळी माळवदाला चुना लागला. स्वयंपाकघर इतकं उजळलं की पंचफुलाला मिठाचा डबा सापडेना.

रविवारी सेलूची पाहुणेमंडळी आली. ओसरीवर बसली, पोहे खाल्ले, पंचफुलाला पसंत केलं आणि तीनच्या बसनं परत गेली. स्वयंपाकघरात कुणी आलंच नाही.